मदत वाटेवर असताना

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेल्याची बातमी बाहेर कशी आली, आठवतंय? ३० जुलै २०१४. सकाळच्या एसटीचा चालक तिथे पोहोचला, तर गावाच्या जागी चिखलाचा ढीग. त्यानं कळवलं, मग यंत्रणा हलली. दीडशेच्या वर माणसं गेली त्या गावात. गावातून फोन करायला कोणी उरलंच नव्हतं.

शहरात आग लागली तर शंभर माणसं एकाच वेळी फोन लावतात. वाडी-वस्तीवर तसं होत नाही. तिथे काहीतरी झालंय हे कळायलाच वेळ जातो, कळल्यावर पोहोचायला आणखी जातो, आणि पोहोचायचा रस्ता नेमका त्याच पावसानं तुटलेला असतो. इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. बचावपथकं भर पावसात, अंधारात डोंगर चढून गेली. पोकलेन, जेसीबी काही नेता येईना, कुदळ-फावड्यांवर काम करावं लागलं. शिवाय ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हतीच. यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढं एक ध्यानात ठेवावं. यादी माणसांनी केलेली असते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाचा पाऊस अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात कोसळला. श्रीमंत देश, हेलिकॉप्टरांना तोटा नाही. तरी काही खोऱ्यांत सामान खेचरांच्या पाठीवरून न्यावं लागलं. रस्ते, वीज, मोबाईल, सगळं एकदम गेलं होतं. म्हणून माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की पहिले काही तास, कधी पहिले दोन-तीन दिवस, घर आपल्याच बळावर असतं. आणि त्या तासांत काय करायचं ते त्या तासांत ठरवता येत नाही. ते आधी ठरलेलं असावं लागतं.

तयारी म्हटलं की लोक पिशवीबद्दल विचारतात. बॅटरी, बिस्किटं, कागदपत्रं. पिशवीकडे येऊ, पण ती नंतरची गोष्ट. माणसं बहुतेक वेळा सामान नव्हतं म्हणून दगावत नाहीत. निघायला उशीर झाला म्हणून दगावतात.

अमेरिकेतल्याच टेक्सस राज्यातल्या 'कर' नावाच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं पाहा. ४ जुलै २०२५, सुट्टीचा दिवस, नदीकाठी मुलांची शिबिरं भरलेली. रात्री १ वाजून १४ मिनिटांनी हवामान खात्यानं अचानक येणाऱ्या पुराचा इशारा दिला. ४ वाजून ३ मिनिटांनी त्याहून गंभीर, आणीबाणीचा इशारा आला. ग्वाडालुपे नदी ४५ मिनिटांत सुमारे २६ फूट चढली. त्या एका काउंटीत शंभराहून जास्त माणसं गेली. इशारा होता, हे नीट ऐका. पण रात्री सव्वा वाजता फोन कुणाच्या उशाशी होता, कुणाचा बंद होता, कुठे रेंजच नव्हती. नदीकाठी भोंगे बसवण्याची चर्चा तिथे काही वर्षं झाली होती. पैशांपाशी ती अडली.

त्याच नदीवर खालच्या अंगाला कम्फर्ट नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या स्वयंसेवी अग्निशमन दलानं खटपट करून भोंगे बसवले होते. आता त्यांनी त्यात काय केलं ते बघा, मला ते फार आवडतं. भोंगा रोज दुपारी बारा वाजता चाचणीसाठी वाजतो. गावाला सांगून ठेवलेलं, की बाराखेरीज एरवी कधीही वाजला तर काहीतरी घडतंय, लगेच चौकशी करा. त्या दिवशी भोंगा वाजला, अग्निशमनाच्या गाड्याही गल्लोगल्ली ओरडत फिरल्या. कम्फर्टमध्ये कुणी दगावलं नाही. त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचायला जास्त वेळ होता, हेही खरं. सगळं श्रेय भोंग्याला देऊन मोकळं होऊ नये. पण मिळालेला वेळ वापरता आला, कारण आवाजाचा अर्थ काय हे आधीच ठरलेलं होतं.

आणि भोंगासुद्धा लागतोच असं नाही. इंडोनेशियातलं सिमेलुए बेट २००४ ची त्सुनामी आणणाऱ्या भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ. लाट तिथे काही मिनिटांत पोहोचली. बेटावर सत्तर-ऐंशी हजार वस्ती, आणि मृत्यू सात. १९०७ मध्ये तिथे अशीच लाट येऊन गेली होती, तेव्हापासून घराघरांत मुलांना सांगत आले होते: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला, की काही न घेता डोंगरावर पळायचं. विचारायचं कुणाला? थांबायचं कशाला? खूण दिसली की निघायचं.

तुमच्या घराची खूण कोणती, हे आज रात्री जेवताना ठरवा. ओढ्याकाठी घर असेल तर एखादा दगड, पुलाची एखादी पायरी, कुंपणाचा एखादा खांब. पाणी तिथे आलं की निघायचं, मग ते दिवसा येवो की रात्री अडीचला. डोंगराच्या पायथ्याशी असाल तर जमिनीला नव्या भेगा, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, जिथे कधी झरा नव्हता तिथून पाणी फुटणं, आणि वाहत्या ओढ्याचं पाणी भर पावसात अचानक कमी होणं. हे शेवटचं लोकांना बरं लक्षण वाटतं. बहुतेकदा वर कुठेतरी माती कोसळून पाणी तुंबलेलं असतं, आणि ते फुटलं की सगळं एकदम खाली येतं.

खुणेइतकीच महत्त्वाची आहे वाट. कॅलिफोर्नियाच्या ब्यूट काउंटीत पॅराडाइज नावाचं गाव होतं, कड्यावर वसलेलं. गाव टप्प्याटप्प्यानं रिकामं करायचा आराखडा कागदावर तयार होता. ८ नोव्हेंबर २०१८ ला वणवा इतक्या झपाट्यानं आला की टप्पे उरलेच नाहीत; सगळं गाव एकाच वेळी मोजक्या रस्त्यांवर उतरलं आणि गाड्या अडकल्या. त्या वणव्यात ८५ जण गेले, त्यांत बहुतेक म्हातारी माणसं. तेव्हा दोन वाटा ठरवा, एक गाडीची आणि एक पायी. त्या वाटेनं एकदा खरंच चालून या, आणि अंधारात चालून या. म्हातारी आई बरोबर असेल तर तिच्या पावलांनी किती वेळ लागतो ते तेव्हाच कळतं. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी माणूस पडतो, फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते, आणि खालचा रस्ता जागेवर आहे की वाहून गेलाय हे वरून दिसत नाही.

आता पिशवी. माणशी दिवसाला चार लिटर पाणी धरा, निदान तीन दिवसांचं. खेडेगावात लोक म्हणतात, आमची विहीर आहे, बोअर आहे, आम्हाला काय चिंता. वीज गेली की बोअरचा पंप बंद. आणि पुराचं पाणी विहिरीत शिरलं की ती विहीर तपासून, शुद्ध करून घेईपर्यंत पिण्याची राहत नाही. तोवर साठवलेलंच पाणी प्या; उकळल्यानं जंतू मरतात, पण पुरातून आलेली रसायनं जात नाहीत. रोजची औषधं आठवडाभराची वेगळी ठेवा, संपत आली की बदला. इन्शुलिन घेणारं घरात कोणी असेल तर डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की वीज नसताना ते कसं आणि किती दिवस टिकवायचं. कागदांचे फोटो फोनमध्ये, आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या फोनमध्येही. तेच नातेवाईक सगळ्यांचा निरोपाचा पत्ता. घरातली माणसं पांगली तर एकमेकांना शोधत बसण्याऐवजी प्रत्येकानं त्यांनाच मेसेज करायचा. फोन लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस पुष्कळदा जातो. हे नंबर कागदावर लिहा. बॅटरी संपली की आपल्यापैकी किती जणांना घरच्यांचे नंबर तोंडपाठ आहेत, विचारून बघा.

जनरेटरबद्दल एकच सांगतो, पण ते कडक. तो घरात, पडवीत, खिडकीशेजारी चालवायचा नाही. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वादळातून वाचलेली माणसं दुसऱ्या रात्री झोपेत जातात, असं वादळानंतर पुनःपुन्हा घडलं आहे.

मघाशी मागून एका काकांनी विचारलं, "हे सगळं ठीक, पण गोठ्याचं काय?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि शहरात बसून केलेल्या आराखड्यांत तो नेमका राहून जातो. 'घर सोडा' म्हटल्यावर माणूस हलत नाही, त्याला आळशी किंवा अडाणी ठरवणं सोपं असतं. तो दावणीच्या जनावरांकडे बघत असतो. त्याची वर्षाची कमाई, कधी सगळी पुंजी तिथे बांधलेली असते. आजच्या बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळात लाखो माणसं गेली. त्यानंतर तिथे किनारपट्टीवर मातीचे उंच, सपाट माथ्याचे चौथरे उभारले गेले, माणसांबरोबर गुरांनाही चढवता येतील असे. गुरांची सोय दिसली की माणूस निघायला तयार होतो, हे तिथल्या लोकांनी ओळखलं होतं.

तेव्हा काका, गोठ्याचं आधी ठरवा. जवळचा उंचवटा कोणता, तिथे चारा-पाण्याची सोय काय, कोण कुणाची जनावरं नेणार, हे शेजाऱ्यांशी बोलून ठेवा. जनावरं माणसांच्या आधी हलवायची, म्हणजे त्यांची खूण तुमच्या खुणेपेक्षा दोन पायऱ्या खाली धरायची. आणि वेळ उरलीच नाही, तर दावी कापून मोकळी सोडा. पुरात बांधलेलं जनावर खुंट्यालाच बुडतं; सुटलेलं पोहून कुठेतरी लागायची शक्यता असते. दावं सोडत बसायला तेव्हा वेळ नसतो, ओल्या दोराची गाठ सुटतही नाही. गोठ्याच्या दारात, हाताला लागेल अशा खिळ्याला, एक धारदार विळा कायमचा अडकवून ठेवा, आणि तो तिथेच आहे हे घरातल्या पोराटोरांनाही माहीत असू द्या.