मामाजींचा बर्फ आणि ध्रुवावरचा बर्फ

नमस्कार श्रोतेहो. बर्फ म्हटलं की मला नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यातलं ताईचं लग्न आठवतं. मे महिना, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांनीही हात टेकलेले. मठ्ठ्यासाठी मामाजींनी इतवारीतून बर्फ आणला. दोन जाड लाद्या, बाकी सगळा फुटका माल. आम्ही पोट्ट्यांनी फुटका बर्फ ताडपत्रीवर पसरला, वर ओली पोती टाकली. अर्धं अंगण भरलं! मामाजी खूश. "शेवटची पंगत उठेपर्यंत पुरते, लिहून घे."

आचारी म्हणाला, "पसारा काय पाहता मामाजी, जाडी पाहा ना."

दुपारी वावटळ आली, पोती उडाली, ताडपत्रीवर नुसतं पाणी. भुशातल्या लाद्या मात्र शाबूत. (पंगत म्हणजे बसून, बरं का. ताट घेऊन रांगेत उभं राहण्याला मी जेवण मानत नाही.)

तर, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रावरचा बर्फ. मार्चच्या सुमारास दीड कोटी चौरस किलोमीटर, सप्टेंबरात सर्वांत कमी. तो किती उरेल याचे अंदाज 2008 पासून दर उन्हाळ्यात जगभरचे अभ्यासगट मांडतात. पसारा उपग्रहाला सहज दिसतो. जाडी मोजणं कठीण, त्यात उन्हाळ्यात बर्फावर डबकी साचली की आणखीच कठीण. आणि महिनोन्‌महिने आठवण धरून राहते ती जाडीच, म्हणजे आज जाड असलेला बर्फ पुढेही टिकतो, पातळ आधी वितळतो. जाडी, श्रोतेहो, पसारा नव्हे! म्हणून मे महिन्याआधी सांगितलेला सप्टेंबरचा आकडा बराच कच्चा असतो. काही वर्षांपुढचा नेमका आकडा तर हवामानाच्या लहरीत हरवतो. तापत्या पृथ्वीवर बर्फ घटत जाणार, एवढा कल सांगता येतो.

2012 च्या ऑगस्टात तिकडेही वावटळ आली, म्हणजे मोठं चक्रीवादळ. बर्फ आधीच पातळ झाला होता. सप्टेंबरात 34 लाख चौरस किलोमीटर उरला, उपग्रहाच्या नोंदीतला नीचांक. बहुतेकांनी जास्त सांगितला होता. पुढच्या वर्षी बहुतेकांनी कमी सांगितला, तर उन्हाळा थंड गेला आणि बर्फ 50 लाखांवर राहिला.

मामाजींचंही तेच. धाकटीच्या लग्नात धसका घेऊन त्यांनी आठ लाद्या मागवल्या, सगळ्या जाड, आचाऱ्याकडून पारखून. नेमका त्या दिवशी अवकाळी पाऊस. मठ्ठ्याला कोणी विचारेना, सगळे चहा मागू लागले. संध्याकाळी आम्ही पोट्टे त्या लाद्या नालीकडे ढकलत होतो, आणि मामाजी ओट्यावरून ओरडत होते, "हळू बे, पैसे दिले त्याचे!"