गॅस संपत नसतो

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'फ्रिज गार होत नसेल तर काय तपासावं'. ते सांगणारच आहे. पण त्याआधी एक समजूत डोक्यातून काढून टाकू या. आयटीआयमध्ये तीस वर्षं रेफ्रिजरेशन शिकवलं, आणि दर वर्षी पहिल्या तासाला फळ्यावर हेच वाक्य लिहिलं: फ्रिजमधला गॅस संपत नसतो.

स्वयंपाकाचा गॅस जळतो, म्हणून सिलिंडर रिकामा होतो. फ्रिजमधला गॅस जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत तो उष्णता सोडून द्रव होतो, केसासारख्या बारीक नळीतून फ्रीझरकडे जातो, तिथे उकळतो, आतली उष्णता घेतो आणि कॉम्प्रेसरकडे परततो. सगळा फेरा बंद नळ्यांतला. कुठे भोक पडलं तरच तो बाहेर जाणार. आणि भोक न बुजवता पुन्हा गॅस भरायचा, म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतायचं. तरी घरोघरी पहिलं वाक्य काय ऐकू येतं? "साहेब, गॅस गेलाय." किती जणांनी ऐकलंय? बघा, अर्धा हॉल हात वर करतोय.

आमची आक्का कराडला एकटी असते, वय पंचाहत्तर. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये तिचा डबल डोअर फ्रिज खालून गार होईना. दूध नासायला लागलं. ओळखीच्या एकाने येऊन गॅस भरला. आठ दिवस फ्रिज उत्तम चालला, मग पुन्हा तेच. त्याने पुन्हा गॅस भरला, पुन्हा आठ दिवस. मला हे कळलं मे महिन्यात, तेही बोलता बोलता. मी फोनवर एकच विचारलं, "आक्का, वर फ्रीझरमध्ये बर्फ होतोय का?" म्हणाली, "अरे, दगडासारखा! मागची भिंत पांढरीशुभ्र झालीय." मी म्हटलं, मग गॅस जागेवर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

काय झालं होतं सांगतो. आक्काचा फ्रिज फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे साचलेलं हिम आपोआप वितळवणारा. अशा फ्रिजमध्ये गार होणारी कॉइल, म्हणजे नळ्यांची वेटोळी, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असते आणि एक छोटा पंखा तिथली थंड हवा खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर साचलेलं हिम काही तासांनी वितळवायला एक हीटर असतो. आक्काचा तो हीटर जळाला होता. हिम साचत गेलं, पंखा त्यात गाडला गेला आणि हवा खाली येणंच थांबलं. आणि ते आठ दिवस? गॅस भरताना फ्रिज दिवसभर बंद ठेवला होता, म्हणून हिम आपोआप वितळलं. गुण आला तो त्याचा, नाव मात्र गॅसचं झालं. आम्ही प्लग काढला, दारं उघडी टाकली, खाली जुनी चादर अंथरली. रात्रभर पाणी ठिबकत होतं. सकाळी मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचं यंत्र, लावला, हीटरची तुटलेली तार सापडली. एका वेळच्या गॅसभरणीच्या निम्म्या पैशांत काम झालं.

पैशांचं सोडा. मला आजही चैन पडत नाही ते दुसऱ्या गोष्टीने. आक्का इन्सुलिन घेते. त्या कुपी दाराच्या कप्प्यात होत्या. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंशांत राहायला हवी. दूध नासलं की वासाने कळतं, इन्सुलिनची ताकद गेली तर बघून कळत नाही. त्या सगळ्या कुपी आम्ही टाकून दिल्या.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा कबूल केलेलं आता भराभर.

आधी हात लावा. कॉम्प्रेसर चालतोय का? आवाज नाही आणि दर काही मिनिटांनी 'टक्' होतंय, तर व्होल्टेज कमी असेल किंवा रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच, गेला असेल. वीज गेल्यावर आली की पाच मिनिटं थांबून मगच चालू करा. मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून ब्रशने धूळ झाडा. जाळी दिसत नसेल तर नळ्या बाजूच्या पत्र्यात असतात. त्या बाजू कोमट लागणं चांगलंच, फक्त भिंतीला चिकटवू नका.

दारात नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर रबर सैल आहे किंवा मळलंय. आधी कोमट साबणपाण्याने पुसा. दार उघडून दिव्याचं बटण बोटाने दाबा, दिवा विझायला हवा, नाहीतर दार लावल्यावरही तो आत जळत राहतो. आतल्या हवेच्या झडपांसमोर मेथीच्या जुड्या कोंबू नका. फ्रीझरचं बटण अगदी टोकाला असेल तर पुष्कळ मॉडेलांत खाली हवा कमी येते. ते मध्यावर आणा.

सिंगल डोअरवाल्यांनो, बर्फ उलथण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने कधीही खरवडू नका. फ्रीझरचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो, आतच गॅसची वाट असते. खरी गळती मी सर्वांत जास्त तिथेच पाहिली. गळती असेल तर हिम फ्रीझरच्या एका कोपऱ्यातच धरतं आणि कॉम्प्रेसर अखंड चालतो. अशा वेळी मेकॅनिकला विचारा, "भोक कुठे सापडलं?" आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर 600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. थोडाच, पण पेट घेणारा. घरच्या घरी नळ्यांना हात लावू नका.

आणि फ्रिजसाठीचा थर्मामीटर घ्या. मधल्या कप्प्यात पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवा, सकाळी वाचा. 4 अंशांच्या आसपास हवं. इन्सुलिन त्याच कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला टेकू देऊ नका, गोठलेलं वापरायचं नसतं. आक्का आता दर रविवारी सकाळी फोन करून मला आकडा सांगते. परवा साडेचार होता.