शीळ घालणारी सावली

आधी नुसतं ऐका. रिकाम्या रस्त्यावर पावलं वाजतायत. आणि पाठोपाठ ही शीळ.

१९४२ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सीबीएस रेडिओवर, ‘द व्हिसलर’ ही रहस्यमालिका सुरू झाली. विल्बर हॅच यांनी बांधलेली ही तेरा सुरांची शीळ चढायची-उतरायची अशी, की ती अचूक घालणारं माणूस मिळणं कठीण. डोरोथी रॉबर्ट्स ती वर्षानुवर्षं घालत राहिल्या. गोष्ट सांगणारा हा व्हिसलर कोण, हे श्रोत्यांना कधीच कळलं नाही. गुन्हेगाराच्या मनातलं मात्र त्याला सगळं ठाऊक असायचं.

१९४४ साली हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओने या मालिकेवर चित्रपट काढला. जेमतेम तासाभराचा, हात आखडून केलेला; एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायच्या त्या काळात मुख्य चित्रपटाच्या जोडीला लावायचा. दिग्दर्शक विल्यम कॅसल यांनी तेव्हा तिशीही गाठली नव्हती.

कथा जे. डोनाल्ड विल्सन यांची, म्हणजे रेडिओमालिकेच्याच जनकाची. आणि काय कथा आहे! बायको समुद्रात बुडाली म्हणून खचलेला एक माणूस मध्यस्थाकरवी खुनाची सुपारी देतो. स्वतःच्याच खुनाची. मग तार येते: बायको जिवंत आहे. पण मध्यस्थ तोवर मेलेला. आता सुपारी रद्द करायची, तर सांगायचं कुणाला? मारेकऱ्याला हा ओळखत नाही. तो कुठूनही येईल, कधीही.

रेडिओला चेहरा दाखवता येत नाही. कॅसल यांनी पडद्यावरही व्हिसलरचा चेहरा दाखवला नाही. भिंतीवर सरकणारी हॅट-कोटातली सावली, एक आवाज आणि शीळ, बस्स. याला खर्च तो किती? पण मला या चित्रपटात सर्वांत जास्त धडकी भरते ती त्या सावलीनेच.

नायक रिचर्ड डिक्स. एकेकाळी ऑस्करचं नामांकन मिळवलेला हा नट आता उताराला लागला होता. चेहऱ्यावर खरी घालमेल दिसावी म्हणून आपण त्याची सिगारेट बंद केली, खाणं तोडलं, असं कॅसल यांनी पुढे सांगितलं. पाहताना ते पटतं.

चित्रपट चालला आणि त्याची मालिका झाली. एकूण आठ चित्रपट. डिक्स त्यांतल्या सातांमध्ये आहे आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस. कधी सावज, कधी स्वतःच गुन्हेगार. १९४८ च्या आठव्या चित्रपटात तो नव्हता. सावली होती. शीळही होती.