इंजेक्शन कुणासाठी, आईसाठी की पेशंटसाठी?

बायपोलर, म्हणजे मूड कधी खूप चढतो तर कधी पार खाली जातो तो आजार, असलेल्या घरात रोज रात्री जेवणानंतर एकच संवाद चालतो, गोळी घेतलीस का, हो घेतली, मग दाखव स्ट्रिप, आणि तिथून जे सुरू होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. काही घरांत तर गोळी कुटून आमटीत जाते. हसू नका, ओपीडीत दर आठवड्याला कुणीतरी हळूच सांगतंच.

तर आज ज्या इंजेक्शनबद्दल बोलायचंय, रोजच्या गोळीऐवजी काही आठवड्यांनी एकदा टोचायचं, ते हे भांडण मिटवतं. आजार मिटवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गोळी सुटते कधी? एक तर सहा-आठ महिने बरे गेले की वाटतं आता कशाला. आणि दुसरं, मॅनिया, म्हणजे मूड चढण्याची बाजू, सुरू झाला की माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतच नाही, उलट एवढं भारी कधी वाटलेलंच नसतं, झोप दोन तास, डोक्यात बिझनेसच्या आयडिया, मग गोळी कोण घेतंय. म्हणजे औषध सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच ते बंद झालेलं असतं.

रिस्पेरिडोन नावाच्या औषधाचं दर दोन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये बायपोलरसाठी मंजूर झालं. यात औषध अगदी बारीक कणांत कोंडलेलं असतं, त्यामुळे सिस्टर ती बाटली जोरजोरात हलवून लगेच दंडात किंवा कुल्ल्यात टोचते, थांबलं की कण खाली बसतात. आता खरी गोम ऐका, पहिले तीन आठवडे त्या कणांतून औषध जवळपास बाहेरच येत नाही! म्हणून तोपर्यंत गोळ्या चालूच ठेवायच्या. घोळ इथेच होतो, घरचे पहिल्याच दिवशी गोळ्या बंद करतात, पंधरा दिवसांत पेशंट परत चढतो आणि नाव खराब होतं इंजेक्शनचं. दुसरं औषध अॅरिपिप्राझोल, त्याचं महिन्याला एक, ते २०१७ ला मंजूर झालं, त्यात गोळ्या १४ दिवस चालवतात. त्याचंच दोन महिन्यांनी घ्यायचं २०२३ मध्ये आलं.

पण ही इंजेक्शनं अडवतात ती मुख्यतः मॅनियाला. अॅरिपिप्राझोलचा वर्षभराचा अभ्यास झाला त्यात मॅनिया परत येण्याचं प्रमाण चांगलंच कमी झालं, डिप्रेशनच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. आणि बायपोलरमध्ये जास्त दिवस खातं ते डिप्रेशनच. म्हणून लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी गोळी, चालू असेल तर ते बऱ्याचदा चालूच राहतं, आणि लिथियमचं असं इंजेक्शन नाही. म्हणजे स्ट्रिप पूर्ण सुटेलच असं नाही, सॉरी.

शिवाय गोळीचा त्रास झाला तर गोळी थांबवता येते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. म्हणून आधी तेच औषध गोळीत देऊन बघतात. रिस्पेरिडोनने वजन वाढू शकतं, बायकांची पाळी चुकू शकते, अॅरिपिप्राझोलने काहींना एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात. हॅलोपेरिडॉलची जुनी इंजेक्शनं स्वस्त आहेत, पण अंग आखडतं, हात थरथरतात.

आणि इंजेक्शन घ्यायचं की नाही हे पेशंटने ठरवायचं, तेही बरा असताना. आमटीतली गोळी बंद करून त्या जागी धरून-पकडून टोचलेली सुई आणायची असेल तर माझ्याकडे येऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात सज्ञान माणसाला आधीच लेखी सांगून ठेवता येतं, की मी आजारी पडलो तर मला काय द्या, काय देऊ नका आणि माझ्या वतीने कुणी बोलायचं. पुढच्या अपॉइंटमेंटला येताना हा विषय काढा, आणि त्या वेळी आई-वडिलांनी पाच मिनिटं बाहेर बसलं तरी चालेल.