अडत कुणाच्या खिशातून?

(दृश्य: सांगली मार्केट यार्ड, सकाळ. अडत दुकानांसमोर हळदीची पोती, भोवती खरेदीदारांचा घोळका.)

निवेदन:
हळदीचे सौदे लागलेत. पोत्याचं तोंड सुटतं, खरेदीदार मूठभर हळकुंडं बाहेर काढतो, एक मोडून आतला रंग बघतो आणि पुढं सरकतो. राजापुरी हळद म्हणजे सांगलीची ओळख. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण आपण इथं हळदीसाठी आलेलो नाही. त्या घोळक्यात मधोमध उभा आहे ना, तो अडत्या बघायला आलोय.

माल त्याचा नाही, पैसाही त्याचा नाही. तरी शेतकरी आणि खरेदीदार यांची गाठ त्याच्याशिवाय पडत नाही. आणि शेतकरी त्याला पुरता ओळखून असतो. विक्रीच्या हिशेबाची पट्टी हातात आली की नजर आधी कपातीवर जाते: हमाली किती, तोलाई किती. फळं-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्यानं द्यायची की खरेदीदारानं, यावरून 2016 मध्ये राज्यात केवढा गदारोळ झाला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले, आणि तरीही अडत खरेदीदाराकडं गेली. मधल्या माणसाचे पैसे कुणाच्या खिशातून जातात हा प्रश्न या भागाला नवा नाही.

त्याच शेतकऱ्याची शिकलेली मुलं-मुली सांगलीच्याच विश्रामबागेत लॅपटॉप उघडून बसतात आणि नोकरीच्या बाजारातल्या मधल्या माणसाला, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं शोधणाऱ्या रिक्रूटरला लिहितात, ‘रिस्पेक्टेड सर’.

(दृश्य: विश्रामबाग, दुसऱ्या मजल्यावरची खोली. लॅपटॉप, वही. चेहरा दिसत नाही, फक्त हात.)

निवेदन:
या ताई सॉफ्टवेअर टेस्टर आहेत. पुण्यातली कायमची नोकरी सोडून सांगलीत आल्या आणि तेव्हापासून घरूनच कॉन्ट्रॅक्टवर कामं करतात. सध्याचं कॉन्ट्रॅक्ट चालू आहे म्हणून नाव आणि चेहरा नको म्हणाल्या. लिंक्डइनवर त्यांना आलेला एक मेसेज त्यांनी आम्हाला वाचू दिला. असा:

‘हाय डिअर, अर्जंट रिक्वायरमेंट विथ टॉप एमएनसी. सहा महिने कॉन्ट्रॅक्ट, एक्स्टेंडेबल. ओन्ली इमिजिएट जॉइनर्स. शेअर अपडेटेड सीव्ही, टोटल एक्सपिरियन्स, रेलेव्हंट एक्सपिरियन्स, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड, पॅन अँड डेट ऑफ बर्थ.’

कंपनी कुठली, ते नाही. दर किती, ते नाही. पगार कुणाच्या नावानं येणार, तेही नाही. आपण मात्र पॅनपासून जन्मतारखेपर्यंत सगळं द्यायचं.

हा मेसेज उद्धट वाटतो, पण त्यामागं एक एक्सेल शीट आहे. मेसेजमधली प्रत्येक मागणी म्हणजे त्या शीटमधला एक रकाना. रिक्रूटर तो भरतो, वर पाठवतो आणि पुढच्या नावाकडं वळतो. एक रकाना रिकामा राहिला तर वरून शीट परत येते. त्यामुळं त्याला तुमचं कौशल्य समजून घ्यायची घाई नसते, रकाना भरायची असते.

(दृश्य: पुणे, बाणेर. चहाची टपरी. समोर पाठमोरा तरुण.)

निवेदन:
हा कराडचा. पुण्यात एका मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीत रिक्रूटर आहे. वय पंचविशीच्या आत. त्याला ‘सर’ म्हणणारे निम्मे लोक वयानं त्याच्यापेक्षा मोठे. तो हसून म्हणतो, ‘‘आमचं काय असतंय, दिवसाला इतके प्रोफाइल गेले पाहिजेत, बस. सिलेक्शन क्लायंट कंपनीच्या हातात. त्यानं फीडबॅकच दिला नाही तर मी कँडिडेटला काय सांगू? मग फोन उचलत नाही आम्ही. वाईट वाटतंय, पण नाही उचलत.’’

रिक्रूटर गप्प झाला की उमेदवाराला वाटतं, माझ्यात काहीतरी कमी होतं. बहुतेक वेळा तसं काही नसतं. जागा रद्द झालेली असते, बजेट अडकलेलं असतं किंवा दुसऱ्या एजन्सीचा माणूस आधी लागलेला असतो. आणि हे त्या पोरालाही कुणी सांगितलेलं नसतं.

आता पैशाकडं येऊ, कारण खरी गोम तिथं आहे.

कायमच्या नोकरीत भरती एजन्सीला कंपनीकडून एकरकमी फी मिळते. आपल्याकडं तिचा रूढ आकडा 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. तुमचा पगार वाढला की तिची फीही वाढते. इथं रिक्रूटर खरोखर अडत्यासारखा असतो: भाव चढला तर दोघांचंही भलं.

कॉन्ट्रॅक्टमध्ये हे उलटं होतं. कंपनी एजन्सीला ठरलेल्या दरानं दरमहा बिल देते. त्यातून तुम्हाला देऊन जे उरतं ते एजन्सीचं. समजा कंपनी महिन्याला 1,50,000 देते. मधल्या मोठ्या व्हेंडरनं, म्हणजे कंपनीला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीनं, 20,000 ठेवले आणि काम खालच्या लहान कन्सल्टन्सीकडं दिलं. तिनं तुम्हाला 1,00,000 सांगितले. म्हणजे 50,000 वाटेतच राहिले आणि त्यातले 30,000 ज्याच्याशी तुम्ही फोनवर बोललात त्याच्याकडं. तुम्ही 90,000 ला ‘हो’ म्हणालात की त्याचे 40,000 होतात. हा अडत्या नव्हे, स्वतः माल घेऊन पुढं विकणारा व्यापारी आहे. त्याच्याशी बोलायचं तेही व्यापाऱ्याशी बोलतात तसंच.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कंपनी बिलाचे पैसे कधी 60 दिवसांनी देते, कधी 90 दिवसांनी. तुमचा पगार त्याला महिन्याच्या महिन्याला करावा लागतो. तेवढे दिवस त्याचे पैसे अडकतात आणि जोखीमही त्याचीच असते. त्यानं काहीच ठेवू नये असं म्हणणं पोरकटपणाचं होईल. मधे किती हात आहेत, एवढं विचारायचा हक्क मात्र आपला आहे.

(दृश्य: वहीचं पान जवळून. शाईनं आखलेले रकाने.)

निवेदन:
ही ताईंची वही. रिक्रूटरकडं एक्सेल, तर यांच्याकडं ही. तारीख, एजन्सी, रिक्रूटर, क्लायंट, सांगितलेला दर, सीव्ही पाठवायला ‘हो’ म्हटलं की नाही. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. एकाच जागेसाठी दोन एजन्सींनी तुमचं नाव पाठवलं तर कंपनीला त्या भांडणात पडायचं नसतं. पुष्कळदा ती उमेदवारालाच बाजूला करते. म्हणून क्लायंटचं नाव कळल्याशिवाय सीव्ही पुढं पाठवायची परवानगी द्यायची नाही आणि परवानगी ईमेलवरच द्यायची. व्यवस्थित एजन्सी स्वतःच असं संमतीचं ईमेल मागते. जी मागत नाही, तिच्याकडं जरा बारकाईनं बघावं.

त्यांचं ठरलेलं उत्तर चार ओळींचं आहे. क्लायंट कोण? पगार कुणाच्या पे-रोलवर? मधे किती व्हेंडर? पैसे किती दिवसांत? ‘रिस्पेक्टेड’ नाही, ‘काइंडली’ नाही. याला उत्तर न देणारे पुष्कळ निघतात. त्या म्हणतात, ‘‘बरंच की. तेवढा माझा वेळ वाचला.’’

नको असलेल्या कामालाही त्या एका ओळीत ‘नको’ कळवतात. यात नुसतं सौजन्य नाही. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला इनमेल, म्हणजे थेट मेसेज, पाठवायचं तर रिक्रूटरला मोजून क्रेडिट मिळतात. 90 दिवसांत उत्तर आलं तर ते क्रेडिट त्याला परत मिळतं, मग उत्तर ‘नाही’ का असेना. त्याचा फायदा, आपला खर्च शून्य, आणि नाव त्याच्या लक्षात राहतं ते वेगळंच.

(दृश्य: कॉलेजमधून सुटलेली मुलं, सायकली, मोटारसायकली.)

निवेदन:
सांगलीला इंजिनीअर नवे नाहीत. वालचंद कॉलेज 1947 पासून इथं आहे. पण कॅम्पस मुलाखतीतून नोकरी कशी मिळवायची हे मुलांना शिकवलं जातं, कॉन्ट्रॅक्ट कसं वाचायचं हे नाही. साधी गोष्ट घ्या: ‘कॉन्ट्रॅक्ट’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात.

एकात तुम्ही एजन्सीच्या पे-रोलवर असता. पगारपत्रक मिळतं, पीएफ कापला जातो. इथं विचारायचं ते हे की सांगितलेल्या आकड्यात मालकाच्या वाट्याचा पीएफ धरलाय की वेगळा आहे. बहुतेकदा धरलेला असतो, आणि मग हातात येणारी रक्कम बघून चेहरा पडतो.

दुसऱ्यात तुम्ही नोकर नसताच, सल्लागार असता. दर महिन्याला इन्व्हॉइस द्यायचं आणि व्यावसायिक फी म्हणून सहसा 10 टक्के टीडीएस कापून पैसे येतात. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, गणपतीत पाच दिवस घेतले तर पाच दिवसांचे पैसे गेले. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली तर जीएसटी नोंदणी लागते. त्यामुळं पगाराचा आणि इन्व्हॉइसचा आकडा शेजारी ठेवून ‘हा मोठा’ म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. पण आमच्या पाहण्यात बरेच जण तेच करतात.

या दुसऱ्या प्रकारात एक चांगलं हत्यार हाताशी आहे आणि ते फारसं कुणी वापरत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे सरकारकडं उद्योग म्हणून नाव नोंदवणं. ऑनलाइन होते, फुकट होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. व्याज वसूल करायला भांडायला लागेल, हे खरं. पण इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सच्या माणसाची भाषा बदलते, असा ताईंचा अनुभव आहे.

(दृश्य: मोबाइलची स्क्रीन, नंबर पुसट केलेले.)

निवेदन:
खोट्या रिक्रूटरबद्दल थोडक्यात. नोंदणी फी, ट्रेनिंगचे पैसे, लॅपटॉपचं डिपॉझिट: खरा रिक्रूटर उमेदवाराकडून रुपयाही मागत नाही, त्याचा धंदा कंपनीच्या पैशावर चालतो. पॅन आणि जन्मतारीख काही कंपन्या खरोखरच मागतात, पण ती मुलाखत ठरल्यावर द्यावी. आधार द्यायचंच झालं तर मास्क्ड, शेवटचे चार आकडे दिसणारं. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

(दृश्य: पुन्हा विश्रामबागेतली खोली. फोन स्पीकरवर.)

निवेदन:
ताईंचं सध्याचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. मुदतवाढ मिळणार का, हे त्या एजन्सीच्या रिक्रूटरला विचारतायत. तो म्हणतो, ‘‘मॅम, क्लायंटची पर्चेस ऑर्डर अजून आली नाही. नाइंटी नाइन पर्सेंट होईल.’’

‘‘उरलेल्या एका टक्क्यासाठी मी दुसरीकडं बघायला सुरुवात केली तर चालेल ना?’’

पलीकडून हसू येतं. ‘‘बघा ना, मॅम. आमच्याकडंच दुसरी एक जागा आहे.’’

‘‘आधी क्लायंटचं नाव सांगा.’’

नाव मिळतं. ते वहीत जातं. दर मागच्यापेक्षा कमी सांगितला जातो. त्या मागच्यापेक्षा जास्त सांगतात. तो ‘विचारून सांगतो’ म्हणतो.

फोन ठेवून त्या लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’, म्हणजे ‘काम हवंय’ ही खूण, चालू करतात. इथं दोन पर्याय आहेत. सगळ्यांना दाखवायचं असेल तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते. नाहीतर फक्त रिक्रूटर मंडळींना दाखवता येतं. स्वतःच्या कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेतं, पण हमी देत नाही. ताई दुसरा पर्याय निवडतात. हिरवी पट्टी का नको, असं आम्ही विचारलं.

‘‘सासऱ्यांचे मित्रही आहेत ओ तिथं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या विश्रामबागेत व्हायचं, सुनेची नोकरी गेली म्हणून.’’