रणगाड्यामागचा टँकर

श्रोतेहो, नमस्कार.

तेल आटलं की रणगाडे गंजत पडतील, असं अधूनमधून ऐकू येतं. मला ते पटत नाही. जगातलं शेवटचं पिंप कोणाच्या वाट्याला येईल, असं विचाराल तर मी डोळे मिटून लष्कराकडे बोट दाखवीन. सैन्याचं खरं दुखणं ते पिंप आघाडीपर्यंत पोचवण्याचं आहे.

ऑगस्ट १९४४ संपत आला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी जनरल पॅटनची फौज फ्रान्स ओलांडून जर्मनीच्या दिशेनं धावत होती, आणि पेट्रोलअभावी थबकली. पेट्रोल होतं, पण शेकडो किलोमीटर मागे, नॉर्मंडीच्या बाजूला. आणि ते आणणारे ट्रक स्वतःच पेट्रोल पीत होते! जर्मनांची तर आणखी दैना. कोळशापासून इंधन करणारे त्यांचे कारखाने बॉम्बफेकीत गेले. मग मेसरश्मिट २६२, म्हणजे युद्धात उतरलेलं पहिलं लढाऊ जेट, धावपट्टीपर्यंत न्यायला काही तळांवर चक्क बैल जुंपले.

आजचा अमेरिकी एब्रॅम्स रणगाडा घ्या. १५०० अश्वशक्तीचं टर्बाइन, टाकीत सुमारे १९०० लिटर इंधन, आणि जागेवर उभा राहूनही त्याची तहान भागत नाही. बॅटरी बसवा म्हणाल, तर हिशेब जुळत नाही. एक किलो डिझेलमध्ये साधारण १२ युनिट ऊर्जा असते, किलोभर लिथियम बॅटरीत जेमतेम पाव युनिट. इंजिन यातली बरीच उष्णता म्हणून वाया घालवतं, तरीही दरी बुजत नाही.

अणुशक्ती? ‘नॉटिलस’ पाणबुडी १९५५ साली तिच्यावर चालली. पण अणुभट्टी रणगाड्यात मावत नाही. अमेरिकी नौदलानं २०१२ च्या सरावात जैवइंधनाचं मिश्रण वापरलं. इंजिनांना फरक कळला नाही, खजिन्याला मात्र कळला: निव्वळ जैवइंधन गॅलनला सुमारे २६ डॉलर पडलं होतं.

त्यामुळे मोठी जेटं आणि रणगाडे तेलावरच राहतील, असा माझा अंदाज आहे. बदल येतोय तो इतर यंत्रांकडून. जपानच्या ‘ओर्यू’ पाणबुडीत २०२० पासून लिथियम बॅटऱ्या आहेत. युक्रेनच्या आघाडीवर काही किलोंचं बॅटरीवरचं ड्रोन साठ टनी रणगाड्याला गाठतं. रणगाड्याच्या मागून येणाऱ्या टँकरला तर त्याहून सहज.

आणि त्या ड्रोनची बॅटरी चार्ज कशावर होते? बऱ्याचदा, आडोशाला धडधडणाऱ्या जनरेटरवर.

नमस्कार.