गल्लीतलं हॉटेल आणि त्याचं भाडं

मित्रहो, आजचा विषय भाड्याचा आहे. तिकडे येतोच, पण आधी पोटाचं बोलू.

बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. १९२३ सालचं. तिथला बेरी पुलाव कुणी कुणी खाल्लाय? वा, बरेच हात आहेत! उरलेल्यांनी एखाद्या दुपारी जरूर जा. इराणात याचा मूळ पदार्थ झेरेश्क पोलो. केशरी भात, कोंबडी आणि झेरेश्क नावाची आंबट, लालबुंद, मनुकेपेक्षाही बारीक सुकी फळं. चव अगदी सौम्य. दिवंगत मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बचन इराणात राहिल्या होत्या, तिथून त्यांनी ही कृती आणली. मुंबईत तिच्यात मसालेदार मटण आलं, तळलेला कांदा आला, काजू आले. घासात आधी कांद्याचा गोडवा, मागून मसाला, आणि मधेच ती बेरी दाताखाली फुटली की तोंड लख्ख होतं. आसपासच्या कचेऱ्यांतल्या माणसांच्या जिभेला रुचेल असा हा पदार्थ. गिऱ्हाईक रोज समोर बसत असेल तरच असं काही घडतं, हे माझं ठाम मत आहे.

आता माझी एक तक्रार ऐका. मागे एका उपनगरात छोटंसं नवं बिस्त्रो उघडलं. जेमतेम आठ टेबलं, भिंतीवर जुने पितळी डबे. तिथे वरण-भाताचे तळलेले गोळे मिळायचे, वर मेतकूट, बाजूला लिंबाच्या लोणच्याचं लोणी. कवच मोडलं की आतून हिंग-तुपाची वाफ यायची. आजारपणात आई भरवायची तोच भात, पण कुरकुरीत! मी त्या स्वयंपाकीण मुलीला आत जाऊन दाद दिली. शेवटचा गोळा ताटात होता आणि व्यवस्थापकानं बिल आणून ठेवलं. बाहेर रांग होती. मला राग आला, तो अजून गेलेला नाही. जेवणाऱ्याला ताटावरून उठवायचं नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवतात. पण ती मुलगी म्हणाली, "काका, तासाभरात टेबल रिकामं झालं नाही तर भाडं निघत नाही." काही महिन्यांनी गेलो तर गोळे बंद, सगळीकडे मिळतो तोच पास्ता सुरू. नवा पदार्थ लोकांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो, तेवढा वेळ तिला परवडला नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर भाडं.

१९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं बरीच भाडी १९४०च्या पातळीला बांधून ठेवली. पागडी, म्हणजे जागा घेताना द्यायची एकरकमी रक्कम, एकदा भरली की दरमहा किरकोळ भाडं. त्यामुळे मोक्याच्या कोपऱ्यावरच्या इराण्याकडे एका पानीकम चहावर माणूस तासभर पेपर वाचत बसू शकला. एखादा पदार्थ चालला नाही तरी दुकान चालायचं. याची दुसरी बाजूही खरी आहे: त्याच भाड्यात घरमालकांना डागडुजी परवडेना आणि इमारती खंगल्या. १९९९च्या कायद्यानं थोडं बदललं. आजचा नवा गाळा मात्र लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, बाजारभावानं. जुना कायदा परत आणा असं मी म्हणत नाही.

माझी मागणी एवढीच. या सभागृहातल्या अनेकांच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. तळमजल्याचा एक गाळा विकू नका, सोसायटीच्या मालकीचा ठेवा. रांधणाऱ्याला तो पाच वर्षांसाठी द्या, आणि भाडं ठरावीक न ठेवता विक्रीच्या टक्केवारीत घ्या. धंदा वाढला तर सोसायटीचाही फायदा. अट एकच घाला: रोज एक पदार्थ आसपासच्या कामगाराला परवडेल अशा किमतीत हवा. विकासकाशी करार व्हायच्या आधीच हे मांडा, नंतर कुणी ऐकणार नाही. ठरावाचा मसुदा मी सोबत आणलाय. ज्यांना हवा त्यांनी दाराशी घ्या.